ओंबाकाचं नाव नको

नाही, पण मी विचारलं काय होतं? एवढंच ना, की हे पोर रात्री झोपणार कधी? यात चुकलं काय माझं, तुम्हीच सांगा! बापानं विचारू नये असं काही आहे का? पण नाही... आमच्या किनाऱ्यावर साधा प्रश्न कुणी साधा राहूच देत नाही. आज वारा कुठला आहे एवढं विचारा, तुमच्या पणजोबापासून सुरुवात करतील. आणि माझ्या बाबतीत तर खरोखरच मेलेल्या माणसांपासून सुरुवात झाली, तेच तर सांगायला बसलोय.

थांबा, नीट सांगतो. मी ओबोन्यो. ओमेना पकडतो. ओमेना म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी चंदेरी मासळी, दिव्याला भुलते, म्हणून धंदा सगळा रात्रीचा. सूर्य बुडाला की होडीत, दिवे लावून सरोवरात, उजाडलं की घरी. महिन्यातनं चांदण्याचे आठ-दहा दिवस तेवढी सुट्टी, कारण वर आभाळात एवढा मोठा दिवा टांगलेला असताना आमच्या दिव्याकडे ढुंकून कोण बघतंय? त्या दिवसांत आम्ही घरी झोपतो, माणसांसारखे. म्हणजे... झोपायचो.

तर आमचं पोर. पहिलंच. मुलगा, साडेचार महिन्यांचा, मध्यरात्र उलटल्यावर जन्मला म्हणून ओदुओर. सकाळी मी जाळी वाळत टाकून घरी यावं तर हा आपला हातपाय पसरून गाढ! मी दारातूनच बघायचो, अंगाला मासळीचा वास ना, बायको जवळ येऊ द्यायची नाही, आणि बघून छाती अशी फुगायची, की संध्याकाळी होडीत जाऊन सांगितल्याशिवाय राहवायचं नाही : माझं पोर रात्रभर झोपतं. ओचोला, म्हणजे माझा होडीतला जोडीदार आणि शेजारीही, तो म्हणायचा, हॅ, त्यात काय, माझी तिन्ही पहिल्या महिन्यापासून रात्रभर झोपली. पलीकडच्या होडीतनं कुणीतरी सांगायचा, आमच्याला तर सकाळी हलवून उठवावं लागतं. तुम्हाला सांगतो, आमच्या किनाऱ्यावरची यच्चयावत पोरं रात्रभर झोपत होती. असा गुणी किनारा जगात दुसरा नसेल.

पोर झाल्यावरची पहिली चार चांदणी माझी इंजिनाच्या राखणीत गेली. पाळी असते आमची, चोर फार झालेत, किनाऱ्यावरच्या खोपटात इंजिन उशाला घेऊन झोपावं लागतं. पाचवं चांदणं आलं तेव्हा म्हटलं, चला, आता घरी, मच्छरदाणीत, बायकोपोराशेजारी... आणि झोपलो. आणि उठलो! पोर रडतंय. आदोयोनं, म्हणजे बायकोनं, न बोलता उचललं, पाजलं, ठेवलं. बरं. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा. पुन्हा पाजलं. मी म्हटलं, याला काय झालं? ती म्हणाली, भूक लागलीय. आत्ता? आत्ता. कोंबड्याच्या आधी पुन्हा तिसऱ्यांदा! मी उठून दिवाच लावला, पोराचं कपाळ बघितलं, पोट बघितलं, तोंडात बोट घालून बघितलं. आदोयो म्हणाली, "रोज उठतो तो." मी म्हटलं, रोज उठतो तर मी सकाळी येतो तेव्हा गाढ कसा असतो? काय बिनतोड मुद्दा होता हो माझा! तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे आणि कूस बदलली.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. मग मात्र माझं डोकं चालायला लागलं, आणि माझं डोकं चालायला लागलं ना, की घरादारानं सावध व्हावं. काळोखाच्या रात्री पोर झोपतं, चांदण्याच्या रात्री उठतं. म्हणजे यात काहीतरी आहे. साधंसुधं नाही हे.

आधी दवाखान्यात गेलो, शहाण्यासारखा. पोरांचं वजन करायचा दिवस होता, एकोणतीस बायका आणि मी, सगळ्या माझ्याकडे बघून पदराआड... म्हणजे दुपट्याआड म्हणा, हसतायत. तिथली नर्सबाई क्रेसेन्सिया, हिनं पोराला काट्याला टांगलं, आकडा लिहिला, म्हणाली, वजन उत्तम आहे, पुढचा. मी म्हटलं, पुढचा नाही, बाई, प्रश्न आहे. हे पोर रात्री झोपणार कधी? ती म्हणाली, झोपेल. मी म्हटलं, कधी? "झोपेल तेव्हा." हे काय उत्तर झालं? मग तिनं पेन खाली ठेवलं आणि पोराची मूठ उचलून मला दाखवली. म्हणाली, याचं पोट केवढं, याच्या या मुठीएवढं समज. ते रात्रभर पुरेल का? दोनदा उठेल, तीनदा उठेल, एखाद्या रात्री उठणार नाही, दुसऱ्या रात्री चारदा उठेल. कुणाचं सहाव्या महिन्यात सुधारतं, कुणाचं वर्ष उलटलं तरी उठतं. पाठीवर झोपवा, मच्छरदाणी नीट खोचा, आणि कुणी झोपेसाठी पेज पाजायला सांगितलं तर सहा महिन्यांआधी पाजू नका. पोर छान आहे. आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, पोराच्या बापाला काय झालंय पण?

मला राग आला, खोटं कशाला बोलू. अहो, ओचोलाची तीन पोरं झोपली, अख्ख्या किनाऱ्याची झोपली, आणि ही मला सांगते वर्षभर उठेल! मी बाहेर पडलो आणि तिथल्या तिथे दोर्सिला आत्याला फोन लावला. इथे चुकलं माझं. इथे... इथेच चुकलं.

दोर्सिला आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. आमच्यात आत्याचा शब्द शेवटचा, आणि या आत्याचा तर पहिलाही. मी फोनवर एवढंच विचारलं, आत्या, पोर रात्री झोपणार कधी? दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या मोटरसायकलवरनं दारात हजर! मागे पिशवी, पिशवीवर तिचं स्वतःचं स्टूल, कारण दुसऱ्याच्या स्टुलावर ती बसत नाही. उतरली, पोराकडे बघितलं आणि म्हणाली, नाव काय? मी म्हटलं, ओदुओर. "ते जन्मवेळेचं झालं. पूर्वजाचं कुठंय?" मी म्हटलं, ते... राहिलंय. "मग रडेल नाही तर काय करेल! कुणीतरी परत आलाय तुमच्या घरात, नाव मागतोय रात्रभर, आणि तुम्ही त्याच्या तोंडात दूध कोंबताय."

आता हे आमच्यात आहे, मी नाही म्हणत नाही. पोर रडत राहिलं की म्हातारी माणसं घराण्यातल्या मेलेल्यांची नावं एकेक घेतात, ज्या नावाला पोर गप्प होतं ते त्याचं. माझंही नाव असंच पडलंय. मी मनात म्हटलं, बरंच की! माझ्या बापाचं नाव लागेल, ओगोला, सरळ माणूस, उत्तम पोहणारा, कुणाचं वाईट केलं नाही. मी आदोयोच्या कानात सांगितलंसुद्धा, ओगोला निघणार बघ.

झालं, चार घरची माणसं जमली, चहा झाला. आत्यानं स्टुलावर बसून पोर मांडीवर घेतलं आणि त्यानं ताबडतोब भोकाड पसरलं, कारण आत्याची मांडी हाडाची आहे. आत्या खालच्या आवाजात : तू न्यांडिगा आहेस का? रडतोय. तू राबुरू आहेस का? रडतोय. तू ओगोला आहेस का? मी श्वास धरला... आणि हा कार्टा आणखी जोरात! मग आत्या जरा थांबली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "तू ओंबाका आहेस का?"

गप्प.

एकदम गप्प. हुंदका नाही, उचकी नाही. आत्याच्या नाकाकडे टक लावून बघतोय. ओचोलाची बायको हळूच आपली धाकटी उचलून दाराकडे सरकली.

आता तुम्हाला ओंबाका माहीत नाही म्हणून तुम्ही असे शांत बसलाय! ओंबाका म्हणजे माझ्या आजोबाचा भाऊ. रातधाव्या. दिवसा साधासुधा माणूस, अकरा पोरांचा बाप, दोन बायका, जाळी विणायचा. आणि गाव झोपलं की कमरेला फडकं, वर उघडा, छातीशी एक गाठोडं घट्ट धरून धावत सुटायचा! घरांभोवती फेऱ्या, लोकांची दारं खडखडायची, पत्र्यावर खडे पडायचे. गाठोड्यात रानमांजर बाळगायचा म्हणे, आवाज ऐकलाय लोकांनी. त्याला जादू येते, त्याच्या धावण्यानं माणसं आजारी पडतात, काय काय! पन्नाशीनंतर आपोआप बंद झालं म्हणतात, पण तोवर व्हायचं ते झालं. त्याच्या एकाही पोराला या किनाऱ्यावर होडीत घेतलं नाही कुणी. मुलींना सोयरीक आली नाही. सगळे दूर निघून गेले, घर पडलं, तिथे आता निवडुंग आहे. आणि हे नाव माझ्या पोराला! उद्या हा मोठा होऊन होडीपाशी जाईल, विचारतील नाव काय रे, सांगेल ओंबाका, की संपलं. कोण चढवून घेईल?

आदोयो उठली, आत्याच्या मांडीवरनं पोर उचललं आणि मला म्हणाली, "हे नाव लागलं तर उजाडताच मी आईकडे जाईन. पोराला घेऊन. परत यायची नाही." आणि आदोयो धमक्या देत नाही हो. ती फक्त पुढे काय होणार ते सांगते.

मी आत्याला हातापाया पडून सांगितलं, आत्या, दुसरं नाव बघ. आत्या म्हणाली, नाव मी देत नाही, ते मागून घेतं. पण मन माझं मोडवत नाही म्हणून एक केलं तिनं : आजची रात्र कसोटी. आज त्याला ओंबाका म्हणून निजवायचं. पहाटेच्या कोंबड्यापर्यंत सलग झोपला तर नाव पक्कं, उद्या सगळ्यांना सांगायचं. मध्ये रडत उठला तर हे नाव त्याचं नाही. आणि मी स्वतः जागी बसणार, म्हणाली.

मी मनात म्हटलं, सुटलो! तीनदा उठतो तो! चार रात्री मी स्वतः मोजलंय! नर्सबाईसुद्धा म्हणाली, तीनदा उठेल...

आणि तो झोपला.

अहो, झोपला म्हणजे काय! दुपारपासून पंधरा माणसांनी हाताळलेलं पोर, इतक्या मांड्या फिरलेलं, रडून दमलेलं, दूध प्यायलं आणि दगड! आत्या स्टुलावर, मी जमिनीवर, आदोयो मच्छरदाणीत, बाहेर टिपूर चांदणं. आदोयो कुजबुजली, आता उठेल पहिल्यांदा. नाही उठला. मी खोकलो. आत्या म्हणाली, खोकू नकोस. मी पाणी प्यायला उठलो आणि चुकून, खरंच चुकून, पातेल्यावरचं झाकण पाडलं. पोरानं एक पाय हलवला आणि ओठ चोखत पुन्हा गाढ. "मुद्दाम पाडलंस?" नाही गं आत्या. बाहेर पाणघोडा हंबरला, म्हटलं आता तरी! हा आपला शांत. चार महिने जी झोप घराला मिळाली नाही ती सगळी त्यानं या एका रात्रीसाठी साठवून ठेवलेली. नर्सबाई म्हणालीच होती की, एखाद्या रात्री उठणार नाही, पण ती एखादी रात्र हीच का? आणि मी, मी जो अख्ख्या किनाऱ्याला विचारत फिरलो की हे पोर झोपणार कधी, तो मी भिंतीला टेकून मनात घोकतोय... हे पोर उठणार कधी?

दुसरी वेळ टळली. आदोयोचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं, मला दिसतंय. तिचा ब्लाऊज दुधानं भिजलेला, छाती दुखतेय, ओठ दाबून बसलीय. मी खुणेनं म्हटलं, चिमटा काढू का? हलकासा? तिनं असं बघितलं की मी हात मागे बांधून बसलो. झोपलेल्या पोराला मी बोट लावू देणार नाही, ती म्हणाली, उठेल तर स्वतः उठेल. वादळात होडी कलंडली होती एकदा, तेव्हासुद्धा मी एवढे देव आठवले नव्हते, तुम्हाला सांगतो.

आणि पहाटेच्या जरासं आधी... एं.

बारीकसं. मग मोठं. मग भोकाड! मला रडूच आलं, एवढं गोड भोकाड आयुष्यात ऐकलं नव्हतं. आदोयोनं क्षणात उचललं, छातीशी घेतलं, पोर गप्प. मी वळून आत्याला म्हटलं, बघितलंस? उठला!

आत्या झोपली होती.

स्टुलावर, काठीवर हनुवटी टेकून, घोरत! मी म्हटलं आत्या, आत्या! तिनं डोळे उघडले, तेवढ्यात बाहेर कोंबडा आरवला, आणि आत्या प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली, "झोपला ना माझा ओंबाका रात्रभर?"

मी शपथा घेतल्या. आईची, होडीची, सरोवराची. आत्या मान हलवतेय, तू बाप आहेस, तू म्हणणारच. मी हात टेकले. आणि तेव्हा आदोयो बोलली. पोराला पाजत, वर न बघता.

"आत्या, तो रोज उठतो. हे होडीतनं दिवे घेऊन बेटाच्या टोकाशी पोचतात तेव्हा पहिल्यांदा उठतो. मी दारात बसून पाजते, तिथनं दिवे दिसतात. दिवे खोल पाण्यात पांगले की दुसऱ्यांदा. आणि दिवे परत फिरतात तेव्हा तिसऱ्यांदा. मग तो झोपतो, आणि हे येतात, आणि म्हणतात पोर रात्रभर झोपलं. चांदण्याशी त्याचा काही संबंध नाही. काळोखातही उठतो. काळोखात हे नसतात, एवढंच."

मला काय वाटलं सांगू? लाज वाटली. शंभरेक रात्री मी त्या पाण्यात दिवे धरून बसलो होतो आणि मला वाटायचं, अख्खा किनारा झोपलाय. आणि प्रत्येक रात्री तीनदा कुणीतरी माझा दिवा शोधत होतं. आणि दिवसभर पुन्हा उन्हात ओमेना वाळत घालत होतं.

आत्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. तिचा नवराही ओमेनाच पकडायचा. मग म्हणाली, "माझ्या वेळी दिवे रॉकेलचे होते. पिवळे. माझा थोरलाही परतीच्या दिव्यांना उठायचा." आणि नाक पुसून पिशवी आवरायला लागली. हे रडणं नावाचं नाही, म्हणाली, भुकेचं आहे. ओगोला ठेवा, नाही तर नुसतं ओदुओर ठेवा. मग एकदम तडकली आदोयोवर, हे काल का नाही बोललीस? मला या हाडांनी रात्रभर स्टुलावर बसवलंस ते!

आदोयो म्हणाली, "मला विचारलं कुणी? यांनी दवाखान्यात विचारलं. तुम्हाला विचारलं. अख्ख्या किनाऱ्याला विचारलं."

तर सुटलं पोर, ओंबाका नाव टळलं, आत्या चहा घेऊन गेली. पण आदोयोनं त्याच दिवशी हिशेब मिटवला : काळोखाच्या रात्री माझ्या, चांदण्याच्या तुमच्या. पाजून देईन, पुढचं तुम्ही बघा. आणि ती खरोखर झोपते हो, अशी झोपते! पुढच्या काळोखात होडीत ओचोला पुन्हा म्हणाला, माझी तिन्ही रात्रभर झोपायची, तेव्हा मी म्हटलं, माझं तीनदा उठतं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी मोटर पाण्यात पाडली. ओचोला म्हणाला, काही दोष असेल घराण्यात.

आता परवापासून पुन्हा चांदणं सुरू झालंय, म्हणजे मी ड्युटीवर. आणि पोराची एक सवय माझ्या लक्षात आलीय. पाजून झाल्यावर त्याला हलवत ठेवावं लागतं. बसून चालत नाही. उभं राहून चालत नाही. चालूनसुद्धा चालत नाही! धावावं लागतं, हळू, दुडक्या चालीनं, मग गप्प राहतो, थांबलो की एं. म्हणून मी आपला बाहेर अंगणात. शर्ट घालत नाही, कारण तो दूध काढतो अंगावर, धुवायचं कुणी? कमरेला टॉवेल, वर उघडा, पोर फडक्यात गुंडाळून छातीशी. आमचं घर झालं की ओचोलाच्या घराला वळसा, कारण तिकडे जमीन सपाट आहे. काल वळताना कोपर लागलं त्याच्या दाराला, जरा खडखडलं. मग त्याचं कुत्रं भुंकायला लागलं, पोर उठेल म्हणून मी कुत्र्याला एक खडा मारला, तो नेमका गेला पत्र्यावर. आत सगळ्यांनी श्वास रोखलेला मला बाहेर ऐकू आला. आणि त्याच वेळी माझ्या गाठोड्यातनं... रानमांजरासारखं... एं.

आज सकाळी ओचोलानं मला बघून वाट बदलली. त्याची बायको दाराला मीठ लावत होती. होडीत मला घेणार की नाही यावर दुपारी बैठक आहे म्हणे. आदोयोला सांगितलं तर इतकी हसली की पोर जागं झालं. मी मात्र निवडुंगाकडे बघत बसलोय सकाळपासून.

अकरा पोरं होती हो ओंबाका आजोबाला. अकरा! आणि पन्नाशीनंतर आपोआप बंद झालं.